ध्रुवीय स्थितांबरी ढगांचे उपग्रहीय निरीक्षण

अंटार्क्टिकावरील ओझोनची मोठी घट १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा केवळ वायुरूप अभिक्रियांनी तिचा उलगडा होत नव्हता. हरवलेला दुवा सापडला तो सुमारे १५ ते २५ किलोमीटर उंचीवरील विरळ ढगांत. या ढगांच्या कणांवर हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट यांची अभिक्रिया होऊन क्लोरीन वायू मुक्त होतो. वसंतातील सूर्यप्रकाशात त्याचे विघटन होते आणि ओझोनचा नाश सुरू होतो.

हे ढग प्रामुख्याने ध्रुवीय रात्रीच्या अंधारात तयार होतात, हीच निरीक्षणातील मुख्य अडचण. १९७८ मध्ये निंबस-७ या उपग्रहावर पाठविलेले 'सॅम-२' हे उपकरण सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळी वातावरणाच्या कडेतून येणारा सूर्यप्रकाश किती क्षीण होतो, हे मोजत असे. त्याच्याच नोंदींवरून मॅकॉर्मिक व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या ढगांना त्यांचे आजचे नाव दिले. तथापि जेथे सूर्यच उगवत नाही तेथे ही पद्धत निरुपयोगी ठरते. रात्रीचा केवळ काठ तिला दिसला. एन्व्हिसॅटवरील 'मायपास' (२००२–२०१२) वातावरणाचेच अवरक्त उत्सर्जन टिपत असल्याने ही मर्यादा त्यास नव्हती.

एप्रिल २००६ मध्ये प्रक्षेपित झालेल्या कॅलिप्सो उपग्रहाने स्वतःचाच प्रकाश नेला. त्यावरील लायडार लेसरची स्पंदने खाली सोडून परतणारा प्रकाश मोजी. परतलेल्या प्रकाशाची तीव्रता कणांचे प्रमाण सुचविते. त्यांचा आकार ध्रुवणावरून कळतो. गोल द्रवबिंदू प्रकाशाचे मूळ ध्रुवण कायम राखतात, स्फटिक ते बदलतात. त्यामुळे नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लाचे द्रवबिंदू, नायट्रिक आम्लाचे जलयुक्त स्फटिक आणि निव्वळ बर्फ यांत भेद करता येतो. अर्थात निसर्गात ही सरमिसळच अधिक आढळते, म्हणून असे वर्गीकरण काटेकोर मानणे योग्य नव्हे. केवळ तापमानावरूनही ढग गृहीत धरता येत नाहीत. स्फटिकांसाठी सुमारे उणे ७८ आणि बर्फासाठी सुमारे उणे ८५ अंश सेल्सिअस हे उंबरठे खरे, परंतु ते ओलांडूनही ढग न आढळण्याचे प्रसंग येतात.

कॅलिप्सोचे निरीक्षण ऑगस्ट २०२३ मध्ये थांबले. मे २०२४ मध्ये प्रक्षेपित झालेल्या अर्थकेअरवरील लायडार ३५५ नॅनोमीटर तरंगलांबीवर चालतो. कॅलिप्सोचे ध्रुवणमापन ५३२ नॅनोमीटरवर होते. तरंगलांबीनुसार प्रकीर्णन बदलत असल्याने दोन्ही नोंदी सरळ जोडता येत नाहीत. अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर २०६६ च्या सुमारास येईल, असा जागतिक हवामान संघटनेचा २०२२ मधील अंदाज आहे. तोवर एखाद्या वर्षीची घट क्लोरीनमुळे वाढली की अधिक थंड हिवाळ्यामुळे, हे ठरविण्यास ढगांची अखंड नोंद लागेल.