मुलांचे पोट : तक्रार एक, कारणे अनेक

‘पोट दुखतंय’ एवढेच लहान मूल सांगू शकते. त्यामागे साधा गॅस असू शकतो, साठलेली शी असू शकते आणि क्वचित आतड्यातला अडथळाही असू शकतो. घरात मात्र ‘बाहेरचं खाल्लं असेल’ किंवा ‘जंत झाले असतील’ असे निदान ठरलेले असते. ओव्या-हिंगावर अनेकदा निभावतेही, पण काही आजारांत हा अंदाज नेमका उलट ठरतो.

जुलाब वाटतो, असतो बद्धकोष्ठ

चार-पाच वर्षांचे मूल दिवसातून अनेकदा चड्डी खराब करते आणि शी पातळ असते. जुलाब समजून ते थांबवणारे औषध दिले जाते. प्रत्यक्षात कधी तरी कडक शी होताना दुखल्यामुळे मूल शी रोखू लागलेले असते. साठलेली शी आणखी कडक होते, आतडे ताणले जाते आणि शी लागल्याची जाणीव मंदावते. मग वरची पातळ शी त्या खड्याच्या कडेने झिरपते. हे मुलाच्या हातात नसते, त्यामुळे रागावून काहीच साधत नाही.

डॉक्टर आधी साठलेली शी मोकळी करतात आणि नंतर शी मऊ ठेवणारे औषध अनेकदा काही महिने देतात. बरे वाटताच ते बंद केल्यास त्रास उलटतो. जेवणानंतर पाच-दहा मिनिटे शौचाला बसवणे, पायाखाली पाट देणे, पालेभाज्या, फळे आणि भरपूर पाणी यांची जोड हवी. दिवसभर दुधावरच पोट भरत असेल तर ते कमी करावे.

खरे जुलाब

मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, त्यांत प्रतिजैविके कामाची नसतात. खरा धोका शरीरातील पाणी कमी होण्याचा. त्यासाठी ओआरएस द्यावे. पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात संपूर्ण पाकीट विरघळवावे. फळांच्या स्वादाची गोड पेये त्याची जागा घेऊ शकत नाहीत. डॉक्टरांनी दिलेले झिंक जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करावे. स्तनपान आणि नेहमीचा आहार चालू ठेवावा.

जुलाबानंतर काही मुलांना दूध काही काळ पचत नाही. शी फेसाळ, आंबूस होते. हा त्रास बहुधा काही आठवड्यांत जातो, दूध कायमचे बंद करण्याची गरज नसते.

गहू न सोसणे

वजन वाढत नाही, पोट फुगलेले असते, लोहाची औषधे देऊनही रक्त वाढत नाही, अशा मुलात सीलियाक आजाराची शंका घ्यावी लागते. गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते. रक्ततपासणीआधी गहू बंद करू नये, नाही तर अहवाल फसवा येऊ शकतो. निदान पक्के झाल्यावर गहू, रवा, मैदा, जव आयुष्यभर टाळावे लागतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. मात्र गहू दळलेल्या गिरणीत दळलेले ज्वारीचे पीठही त्रास देऊ शकते.

तपासण्या चांगल्या, तरी दुखते

बेंबीभोवती दुखते, शाळेच्या वेळी जास्त, पण झोप, भूक आणि वजन उत्तम. अशी पोटदुखी शाळकरी मुलांत बरीच आढळते. ते नाटक नसते. आतड्याच्या नसा अधिक संवेदनशील असतात आणि ताणाने त्रास वाढतो. धीर देणे आणि शाळा चालू ठेवणे हाच उपचाराचा मुख्य भाग.

लगेच डॉक्टरांकडे कधी?

• हिरवी उलटी, विशेषतः नवजात बाळाला
• शीतून रक्त. किंवा बाळ थांबून थांबून कळवळून रडणे, पाय पोटाशी घेणे
• बाळाची शी पांढरट आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ
• उजव्या बाजूला खाली सरकणारी, वाढत जाणारी वेदना
• डोळे खोल जाणे, लघवी फार कमी होणे, सुस्ती

वजन घटत असेल, उंची खुंटली असेल किंवा दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, तरीही तपासणी लांबवू नये. जाताना शीचा रंग, किती वेळा झाली आणि आधीच्या वजनाच्या नोंदी सोबत न्याव्यात. निदानाला त्यांची मोठी मदत होते.