एकच सिरियल पोर्ट पुरत नाही? ‘रास्पबेरी पाय ४’मध्येच आहेत आणखी चार!

जीपीएस मॉड्यूल जोडले, आता जीएसएम मोडेमही जोडायचा आहे. पण बोर्डावरचा सिरियल पोर्ट आधीच अडकलेला. प्रोजेक्ट करणाऱ्या अनेकांची गाडी इथेच थांबते आणि यूएसबी कन्व्हर्टरची शोधाशोध सुरू होते. २०१९ मध्ये आलेल्या ‘रास्पबेरी पाय ४’वर मात्र बहुतेक वेळा हा खर्च टाळता येतो. जादा पोर्ट चिपमध्येच आहेत, ते फक्त सुरू करावे लागतात.

पोर्ट बंद का असतात?

या बोर्डाच्या ‘बीसीएम२७११’ चिपमध्ये ६ यूएआरटी, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणारे भाग आहेत. एक ब्लूटूथसाठी वापरला जातो, दुसरा ८ आणि १० क्रमांकाच्या पिनसाठी राखलेला असतो. उरलेले ४ बंद असतात, कारण बोर्डावर पिन ४० आणि एकेका पिनवर अनेक कामे. कोणता भाग चालू आहे, हे लिनक्सला ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या नकाशावरून कळते. त्या नकाशात बदल करणारी छोटी फाइल म्हणजे ‘ओव्हरले’.

कोणता पोर्ट निवडावा?

• यूएआरटी २ : पिन २७ आणि २८. या पिन जोड-बोर्डाची ओळख पटवण्यासाठी राखीव आहेत, शक्यतो टाळा.
• यूएआरटी ३ : पिन ७ आणि २९. पिन ७ वर वन-वायर तापमान सेन्सर नसेल तर सोयीचा.
• यूएआरटी ४ : पिन २४ आणि २१. एसपीआय वापरत असाल तर चालणार नाही.
• यूएआरटी ५ : पिन ३२ आणि ३३.

सुरू कसा करायचा?

१. बूट विभागातील ‘कॉन्फिग’ ही टेक्स्ट फाइल अ‍ॅडमिन अधिकाराने उघडा. आधी तिची एक प्रत काढून ठेवा.
२. शेवटी ‘डीटीओव्हरले=यूएआरटी३’ ही ओळ लिहा. अक्षरे छोटी रोमन, आकडा इंग्रजी आणि मध्ये कुठेही जागा नको.
३. फाइल सेव्ह करून बोर्ड रीस्टार्ट करा. ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘टीटीवायएएमए३’ हे नवे नाव दिसेल. जुन्या कर्नलमध्ये शेवटचा आकडा वेगळा असू शकतो.

चालतो का, हे कसे तपासायचे?

पिन ७ (पाठवणारी) आणि पिन २९ (घेणारी) एका जंपर वायरने जोडा. ‘मिनिकॉम’मध्ये हा पोर्ट उघडा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा आणि काहीही टाइप करा. टाइप केलेले अक्षर परत स्क्रीनवर आले, तर पोर्ट सुरू झाला. वायर काढल्यावर अक्षरे थांबली पाहिजेत.

उपकरण जोडण्याआधी हे वाचा

रास्पबेरी पायच्या पिन ३.३ व्होल्टच्या आहेत. आर्डुइनो उनोसारख्या बोर्डाचा ५ व्होल्टचा सिग्नल थेट दिला, तर पिनच काय, पूर्ण चिपही निकामी होऊ शकते. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर लावा. एका बाजूची पाठवणारी पिन दुसऱ्या बाजूच्या घेणाऱ्या पिनला जोडा आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र करा. कॉन्फिगमधली चूक ओळ पुसून सुधारता येते. जळालेली पिन मात्र परत मिळत नाही.