'ग्रेट प्लेस टू वर्क'चा बिल्ला कंपनीला मिळतो कसा?

"आम्हाला सांगताना अभिमान वाटतो की..." अशी सुरुवात आणि खाली लाल-निळा बिल्ला. लिंक्डइनवर ही पोस्ट तुम्ही पाहिली असेलच. नाशिकमध्ये सीए किंवा एमबीए करून पुण्या-मुंबईच्या कन्सल्टिंग फर्ममध्ये जाऊ पाहणारी मुलं तो बिल्ला बघून अर्ज टाकतात. पण तो देतं कोण?

या प्रकाराचं मूळ 1984 सालच्या एका अमेरिकन पुस्तकात आहे. रॉबर्ट लेव्हरिंग आणि मिल्टन मॉस्कोविट्झ या पत्रकारांनी काम करायला चांगल्या अशा 100 कंपन्यांवर ते लिहिलं होतं. त्यातून पुढे 'ग्रेट प्लेस टू वर्क' ही संस्था उभी राहिली.

यासाठी कंपनी स्वतः अर्ज करते. मग कर्मचाऱ्यांना साधारण 60 विधानं दिली जातात. वरिष्ठांवर विश्वास आहे का, आदर मिळतो का, न्यायाने वागवलं जातं का, असं बरंच काही त्यात असतं. नाव उघड होत नाही. भारतात 70 टक्के किंवा जास्त गुण मिळाले की प्रमाणपत्र, तेही एका वर्षापुरतं.

म्हणजे 30 टक्के उत्तरं नकारात्मक असली तरी बिल्ला मिळू शकतो. ती सगळी एकाच विभागातून आली असतील तर? कन्सल्टिंगमध्ये हे सहज घडू शकतं. कामाची वेळ फर्मपेक्षा क्लायंटच जास्त ठरवतो. एचआरची टीम सहाला निघते आणि ऑडिटवाली पोरं क्लायंटच्या ऑफिसात रात्री अकरापर्यंत बसलेली असतात. सरासरीत हा फरक दिसत नाही. शिवाय सर्व्हे ऑडिटच्या धावपळीत झाला की निवांत महिन्यात, यानेही उत्तरं बदलतात.

जुलै 2024 मध्ये ईवाय या बड्या फर्मच्या पुणे ऑफिसमधली 26 वर्षांची सीए तरुणी नोकरीला लागल्यानंतर चार महिन्यांत गेली. कामाच्या ताणाने ती गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना पत्रातून कळवलं. कंपनीने हा आरोप नाकारला. पण राज्याच्या कामगार विभागाने पाहणी केली तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली: 2007 पासून चालू असलेल्या त्या ऑफिसची शॉप अ‍ॅक्टखाली नोंदणीच नव्हती!

हा कायदा महाराष्ट्रात 2017 चा आहे. कामाचे तास, सुट्ट्या आणि जादा कामाला दुप्पट दर यात ठरलेले आहेत. मात्र व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही. त्यामुळे ऑफर लेटरवर 'मॅनेजर' दिसलं की हरखून जाण्याआधी पदाचं खरं काम काय, ते विचारा.

बिल्ल्यावरचं वर्षही बघा. आणि त्याच टीममधून नुकतंच बाहेर पडलेल्या एखाद्याला फोन करून विचारा, मार्च महिन्यात घरी किती वाजता जायचास?