घोडे समुद्रातून येणारे राज्य
शिलाहारांचे कोकण आणि डावपेचांच्या व्हिडिओ गेममधला इतिहास

रोडपालीच्या एका अंगाला कळंबोलीचे स्टील मार्केट आहे, दुसऱ्या अंगाला तळोज्याची औद्योगिक वसाहत. जवळून कासाडी वाहते आणि पनवेलच्या खाडीला मिळते. त्या पाण्याची वाट पुढे ठाण्याच्या खाडीला लागते, आणि ताम्रपटांत ज्याला श्रीस्थानक म्हटले आहे ते ठाणे ही हजार वर्षांपूर्वी उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. इ.स. ८०० च्या सुमारास सुरू झालेली त्यांची सत्ता १२६५ च्या आसपास संपली. आज रोडपालीतल्या एखाद्या मुलाने संगणकावर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ उघडला, तर मध्ययुगातल्या चाळीसहून अधिक संस्कृती त्याच्यापुढे उभ्या राहतात. मंगोल आहेत, बायझंटाइन आहेत, जपानी आहेत. तो जिथे बसला आहे त्या किनाऱ्याचे राज्य मात्र त्या यादीत नाही.

उणीव नावापुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. मध्ययुगातले एखादे राज्य खेळात उतरवायचे तर त्यात खरे काय असायला हवे, हा प्रश्न त्यापेक्षा मोठा आहे. पोशाख आणि इमारती पाहून आपण खेळ अस्सल आहे की नाही ते ठरवतो. पण खेळाडू तासन्‌तास जे शिकत असतो ते खेळाचे नियम: धान्य कुठून मिळते, सैन्य कशावर उभे राहते, कोणाशी वैर धरावे लागते. त्या काळाच्या जगण्यातून हे नियम निघाले, तरच तो इतिहास म्हणायचा.

एका भारताचे चार वाटे

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा खेळ १९९९ मध्ये आला. त्यात चीन होता, जपान होता, पर्शिया होता, भारत नव्हता. २०१३ मधल्या ‘द फर्गॉटन’ या विस्तारात ‘इंडियन्स’ नावाची एकच संस्कृती आली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आणि पालांपासून चोळांपर्यंत सगळे त्या एका नावात कोंबले गेले. एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने ही चूक बरीचशी सुधारली आणि हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली, द्रविड अशा चार संस्कृती केल्या.

या सुधारणेतले चांगले भाग नेमके नियमांत आहेत. युरोपीय संस्कृतींचा कणा असलेला चिलखती ‘नाइट’ या चौघांपैकी कोणालाही मिळत नाही. त्यांना उंट, हत्ती आणि हलके घोडदळ यांवर युद्ध उभारावे लागते. गुर्जरांना मेंढ्या मारून खाण्याऐवजी गिरणीत राखता येतात आणि त्यांच्यापासून सतत अन्न मिळत राहते. पशुपालक समाजाची अर्थनीती इथे एका साध्या नियमात उतरली आहे. अशा नियमाने खेळाडूच्या विचाराची दिशा बदलते. ते काम नुसत्या पगडीने होत नाही.

या चार वाट्यांत दख्खन आणि कोकण कुठेच नीट बसत नाहीत. देवगिरीचे यादव नाहीत, त्यांच्याआधीचे राष्ट्रकूट नाहीत, ठाण्याचे शिलाहार नाहीत. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) मध्ये मराठे खेळता येतात, पण तो खेळ १७०० पासून सुरू होतो. महाराष्ट्राचे मध्ययुग डावपेचांच्या खेळात अजून स्वतःच्या पायावर उभे राहिलेले नाही.

तांब्यावर कोरलेली अर्थव्यवस्था

शिलाहारांचे राज्य खेळात आणायचे, तर त्याचे नियम शोधायला कल्पनेच्या वाटेला जावे लागत नाही. ते तांब्यावर आणि दगडावर कोरलेले आहेत. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हे लेख एकत्र आणून संपादित केले, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कोरीव लेखांच्या मालिकेत १९७७ मध्ये तो खंड प्रसिद्ध झाला.

त्यातला शिलाहार राजा अनंतदेवाचा खारेपाटण ताम्रपट पाहा. शके १०१६, म्हणजे इ.स. १०९४-९५. भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी या दोघा भावांची गलबते श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांत आली, तर त्यांना जकात माफ, असे राजाने त्यात लिहून दिले आहे. शूर्पारक म्हणजे नालासोपारा, चेमुली म्हणजे चौल, आणि इथले नागपूर विदर्भातले नव्हे, कोकण किनाऱ्यावरचे. भाभण हा नुसता व्यापारी नव्हता, राजाचा मोठा अधिकारीही होता. चार बंदरे, त्यांवरची जकात आणि ती माफ करून राखलेली बडी घराणी, इतके या एका लेखातून हाती येते. खेळातल्या कोकणी राज्याचे उत्पन्न सोन्याच्या खाणीतून येता कामा नये. ते बंदरावर यावे, आणि व्यापाऱ्याला सूट दिली की आज तिजोरी रिकामी राहून उद्या गलबते वाढावीत. असा हिशेब खेळाडूला करायला लावणे हेच या ताम्रपटाचे खरे वाचन ठरेल.

दुसरा नियम मार्को पोलोच्या वृत्तांतात सापडतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याबद्दल तो सांगतो की इथल्या राजाचा चाच्यांशी करार आहे: लुटलेल्या गलबतांवरचे घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. कारणही तो देतो. या देशात घोडे निपजत नाहीत आणि ते मोठ्या संख्येने बाहेरून आणावे लागतात. तोवर शिलाहारांची सत्ता संपली होती, पण घोड्यांची टंचाई एका राजवटीपुरती नव्हती. या दमट, भातशेतीच्या किनाऱ्याची ती कायमची अडचण होती. बहुतेक खेळांत तबेला बांधला आणि धान्य मोजले की घोडेस्वार तयार होतो. कोकणात तसे होऊ नये. इथे घोडा समुद्रातून यावा आणि बंदर गेले की घोडदळही जावे.

एका रंगात न मावणारी प्रजा

डावपेचांच्या खेळात प्रत्येक बाजूला एक रंग असतो. निळ्यांचे सगळे निळे, लाल दिसला की शत्रू. कोकणातले पुरावे या मांडणीला ठाम नकार देतात.

अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ मध्ये, सैमूर येथे आला. सैमूर म्हणजे आपले चौल. तिथल्या राजाचे नाव तो जांज असे देतो. हा शिलाहार राजा झंझ. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान तिथे राहतात आणि त्यांच्यातलाच एक प्रमुख त्यांचे व्यवहार पाहतो, असे त्याने नोंदवले आहे.

त्याहून बोलका आहे पालघर जिल्ह्यातला चिंचणीचा ताम्रपट, शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट सम्राटाने संजाणचा कारभार महंमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे सोपवला होता. लेखात त्याचे दुसरे नाव मधुमती असे येते. त्याने लोकांना पाणी ओलांडण्यासाठी विनामूल्य होडी सुरू केली आणि अन्नछत्र घातले. तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. भगवतीच्या मठिकेला जमीन देण्यात आली, तीही त्याच्याच कारभारात. कोणत्या खेळातल्या कोणत्या संस्कृतीचा हा माणूस? ‘हिंदू’ विरुद्ध ‘मुस्लिम’ अशी दोन दले करून मध्ययुग रंगवणाऱ्या प्रत्येकाने हा ताम्रपट आधी वाचावा. अचूकतेची पहिली कसोटी इथे लागते.

मांडलिकाचे मोठेपण

बहुतेक डावपेचांचे खेळ साम्राज्य उभारायला शिकवतात. शिलाहारांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग मांडलिक म्हणून काढला, आधी राष्ट्रकूटांचे, पुढे कमी-अधिक काळ चालुक्यांचे. भिवंडीजवळच्या भादाणे येथे सापडलेला शिलाहार राजा अपराजिताचा ताम्रपट शके ९१९ (इ.स. ९९७) चा आहे. राष्ट्रकूट सत्ता कोसळून तेव्हा वीसहून अधिक वर्षे झाली होती. तरी अपराजिताने राष्ट्रकूटांची वंशावळ आधी दिली आणि त्यांच्या नाशाबद्दल दुःख नोंदवले. सार्वभौम गेल्यावरही ज्याची निष्ठा बोलते, असा राजा ‘जिंकणे म्हणजे नकाशा रंगवणे’ या हिशेबात बसत नाही.

या बाबतीत ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) अधिक जवळ जातो. त्यात सरदार, मांडलिक आणि सार्वभौम यांची उतरंड हाच खेळ आहे, आणि नकाशात भारतही आहे. पण कोकणच्या मांडलिकाकडे तलवारीखेरीज आणखी काय होते, तेही दिसायला हवे. बाराव्या शतकातल्या अपरादित्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘अपरार्क’ ही टीका लिहिली. त्याचा पंडित तेजकंठ काश्मीरच्या विद्वत्सभेत गेल्याचा उल्लेख काश्मिरी कवी मंखाच्या ‘श्रीकंठचरिता’त आहे. रोडपालीपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर अंबरनाथचे शिवमंदिर आहे; त्यावरचा शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. खेळात या संस्कृतीचे ‘वंडर’, म्हणजे भव्य स्मारक, दुसरे कुठले असणार?

एकसरची गलबते

बोरिवलीजवळच्या एकसर गावात सहा वीरगळ आहेत. त्यांवर जमिनीवरचे युद्ध आहे, हत्ती आहेत, आणि वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ गलबते आहेत. मध्ययुगीन महाराष्ट्रातल्या आरमाराचे इतके स्पष्ट चित्रण फार थोडे मिळते. मिराशींसह अनेक अभ्यासकांनी ते शिलाहारांच्या अखेरच्या युद्धाशी जोडले. देवगिरीचा महादेव यादव हत्तींचे दळ घेऊन कोकणात उतरला. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याने समुद्राचा आश्रय घेतला आणि तो तिथेच बुडाला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा त्याला समुद्र बरा वाटला, असा अर्थ यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या प्रशस्तीत मांडला आहे.

काही अभ्यासक हे वीरगळ त्याहून जुने मानतात. असा मतभेद खेळ घडवणाऱ्याला उपयोगीच पडतो. गलबताचा आकार, वल्ह्यांची मांडणी, वर उभे असलेले सैनिक हे दगडावर आहे. ते तसेच घ्यावे. युद्ध कोणते, हे मत आहे. ते मत म्हणून सांगावे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये प्रत्येक संस्कृतीचा इतिहास वाचण्यासाठी पान आहेच. तिथे ‘हे लेखात आहे’, ‘हे तर्काने घेतले’, ‘हे खेळ रंगावा म्हणून बदलले’ अशा तीन खुणा करता येतील. अचूकतेचा प्रामाणिक अर्थ तोच.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतके बारकावे आणले तर समतोल बिघडेल आणि खेळ रंगणार नाही. मला उलट वाटते. जमिनीवर दुबळे, बंदरावर श्रीमंत, घोड्यासाठी परावलंबी आणि मोठ्या सत्तांच्या मध्ये जीव राखून असलेले राज्य खेळायला अवघड, म्हणूनच चुरशीचे होईल. समोर देवगिरीचे यादव ठेवा: घाटमाथ्यावर हत्ती, खडकात खोदलेला खंदक, पण समुद्र नाही. दोघांची उणीव एकमेकांकडे आहे. याहून चांगला डाव कल्पनेने रचता येणार नाही.

हे काम बाहेरच्या कंपन्या आपण होऊन करतील याची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांनी भारताचे चार वाटे केले ते उपलब्ध साहित्य वाचून. कोकणचे साहित्य त्यांच्या हाती पडेल असे आपण काय केले? पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचा विभाग आहे, आणि संगणकाची भाषा येणारी मुले पनवेल-नवी मुंबईत घरोघरी आहेत. ताम्रपट वाचणारे आणि खेळ रचणारे यांनी एका टेबलाशी बसावे. त्यांनी मिळून केलेल्या राज्यात तबेला बांधायच्या आधी बंदर बांधावे लागेल, आणि तेवढ्या एका नियमाने रोडपालीच्या मुलाला शिलाहारांचे कोकण कळू लागेल.