कवितेची गीतमाला : शब्दासाठी राग की रागासाठी शब्द?

बंगळुरू : छापील संग्रहातील आधुनिक कविता रागांच्या आधारे स्वरबद्ध करून सलग गीतमालेच्या रूपात सादर करण्याची परंपरा कन्नड भावगीताने रुजवली. पी. कालिंग राव यांच्यापासून सुरू झालेल्या या वाटेवर १९७८ मध्ये ‘नित्योत्सव’ ही ध्वनिफीत आली. के. एस. निसार अहमद यांच्या कवितांना म्हैसूर अनंतस्वामी यांनी तीत चाली दिल्या होत्या. कन्नड सुगम संगीताची पहिली ध्वनिफीत म्हणून ती ओळखली जाते.

एका सूत्रात गुंफलेल्या कवितांची गीतमाला पाश्चात्त्य संगीतातही आढळते. शूबर्ट यांनी १८२७ मध्ये विल्हेल्म म्युलर यांच्या २४ कविता अशाच स्वरबद्ध केल्या. मराठी श्रोत्यांना ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ परिचित आहे. मात्र ग. दि. माडगूळकर यांनी ती गीते पुणे आकाशवाणीवरील गायनासाठीच लिहिली होती. वाचनासाठी लिहिलेल्या कवितेला चाल देणे हे त्याहून वेगळे आव्हान असते.

कर्नाटक संगीतातील कृतीची पल्लवी, अनुपल्लवी आणि चरणम् अशी बांधणी असते. गायक एकच ओळ नवनव्या स्वरसंगतींनी पुन्हा पुन्हा गातो आणि पल्लवीकडे परततो. आधुनिक कवितेत अनेकदा ध्रुवपदच नसते. तिचा आशय ओळीगणिक पुढे सरकतो. पुनरावृत्ती वाढली तर आशय थबकतो आणि ती पूर्णपणे टाळली तर रागाला फुलण्यास अवकाश उरत नाही. ओळ मध्येच तोडल्यास अर्थ बदलण्याचाही धोका असतो.

यावर एक उपाय रागमालिकेत सापडतो. आधार षड्ज कायम ठेवून कडव्यागणिक राग बदलता येतो. त्यामुळे कवितेतील भावपालट श्रोत्यापर्यंत पोहोचतो आणि सलगताही टिकते. भावगीताने मात्र रागाची छाया घेऊन शब्दोच्चाराला अग्रक्रम दिला. के. एस. नरसिंहस्वामी यांच्या १९४२ मधील ‘मैसूर मल्लिगे’ या संग्रहातील दांपत्यप्रेमाच्या कविता घरोघरी पोहोचल्या, त्यात गायनाचा वाटा मोठा होता. याच कवितांवर आधारलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाला सी. अश्वथ यांनी संगीत दिले.

चालीची निवड किती कळीची ठरू शकते, हे कर्नाटकच्या राज्यगीतावरून स्पष्ट झाले. कुवेंपू यांच्या कवितेला २००४ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळाला. परंतु अनंतस्वामी आणि अश्वथ या दोघांच्याही चाली प्रचलित असल्याने अधिकृत चाल कोणती, हा वाद अनेक वर्षे चालला. अखेर २०२२ मध्ये राज्य सरकारने अनंतस्वामी यांची चाल स्वीकारली. संपूर्ण गीत पुनरावृत्तीविना अडीच मिनिटांत गावे, असे ठरले. या निर्णयाला उच्च न्यायालयात आव्हानही देण्यात आले.

राज्यगीतासाठी वेळेची मर्यादा सरकारने ठरवून दिली. गीतमालेत तो निर्णय संगीतकाराचा असतो. कोणती ओळ दोनदा गायची आणि कोठे थांबायचे, हे ठरवताना तो कवितेचा एक अर्थ निवडत असतो. चाल लोकप्रिय झाली की पुढील पिढ्या बहुधा त्याच अर्थाने ती कविता ऐकतात. म्हणूनच चाल बांधण्यापूर्वी कविता मुळातून वाचणे हे संगीतकाराचे पहिले काम ठरते.