लेकरू किती सुधारलं? मोजून सांगा!

फिजिक्सच्या लॅबमध्ये व्हर्नियर हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला, "लीस्ट काउंट किती?" मला हा प्रश्न सुट्टीत अहमदपूरला आठवला. आमच्या गल्लीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मेंदूला अपघातात मार लागला. जीव वाचला, पण एक बाजू कमजोर झाली. वडील रोज बुडवून त्याला एस.टी.नं लातूरला व्यायामासाठी नेत. दोन महिन्यांनी म्हणाले, "काय फरक दिसंना बघ. बंद करावं म्हणतो."

फरक खरंच नव्हता, की आपल्या डोळ्यांचा लीस्ट काउंटच मोठा?

मुलांच्या हालचाली मोजायला एक नामांकित मापपट्टी आहे, 'ग्रॉस मोटर फंक्शन मेजर'. १९८९ साली कॅनडातल्या डायॅन रसेल व सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. मुख्यतः सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ती बनली, पण पहिल्या चाचणीत डोक्याला मार लागलेली मुलंही होती. तिच्यात ८८ कृती आहेत आणि त्यांचे पाच गट: झोपणं व कुशीवर वळणं, बसणं, रांगणं व गुडघ्यावर उभं राहणं, उभं राहणं, आणि चालणं-पळणं-उड्या. प्रत्येक कृतीला ० ते ३ गुण. सुरुवातच नाही तर ०, नुसती सुरुवात केली तर १, अर्धवट जमली तर २, पूर्ण जमली तर ३. खरी गंमत १ आणि २ मध्ये आहे. घरच्यांच्या लेखी दोन्ही 'जमत नाही'च! फिजिओथेरपिस्टनं त्या वडिलांना तक्ता दाखवला, तेव्हा बरेच १ चे २ झालेले दिसले. लातूरच्या खेपा चालू राहिल्या.

चालणाऱ्या मुलाचा वेगही मोजतात. १० मीटर अंतर आखायचं, पण घड्याळ मधल्या ६ मीटरलाच लावायचं. कारण सुरुवातीला वेग वाढतो, शेवटी कमी होतो. ६ मीटरला १२ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.५ मीटर. समजा, पुढच्या वेळी ११.८ सेकंद आले. सुधारणा झाली? घाई नको! बटण दाबतानाच एवढी चूक होऊ शकते, शिवाय मूल थकलेलं असतं, रुसलेलं असतं. म्हणून दोन-तीन फेऱ्यांची सरासरी घ्यायची. बूट, काठी, वेळ, सूचना सगळं दर वेळी तेच ठेवायचं. आपल्या भाषेत, रिपीटॅबिलिटी!

दोन गोष्टी मात्र आकड्यातून निसटतात. एक, लहान मूल वाढतच असतं. तीन वर्षांच्या मुलाचे गुण वाढले, तर त्यात काही वाटा वयाचाही असतो. दुसरी, दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर जमलेलं चालणं घराच्या उंबऱ्यावर, शेताच्या बांधावर जमेलच असं नाही. 'करू शकतो' आणि 'रोज करतो' ही दोन वेगळी मापं आहेत.

आपण सेन्सर लावून प्रोजेक्ट करू शकतो, जरूर करावेत. पण त्याआधी एक साधं काम आहे. गावाकडं असं लेकरू असेल, तर घरच्यांना एक वही करून द्या: तारीख, काय केलं, कुणाच्या आधारानं केलं. काय मोजायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा आणि मोजताना कुणीतरी लेकराच्या शेजारी राहू द्या. आशा नुसत्या धीराच्या शब्दांवर फार दिवस टिकत नाही. वहीत पुढं सरकलेला आकडा दिसला, की पुढची एस.टी. पकडायला बळ येतं.