फ्री डिशच्या टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर कसा जोडायचा? डोंगल विकत घेण्याआधी हे वाचा

टीव्ही जितका पातळ, तितका त्याचा आवाज बारीक. स्क्रीन मोठी झाली, पण आतले स्पीकर लहान झाले आणि मागच्या किंवा खालच्या बाजूला गेले. त्यामुळे आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग आपल्याकडे येतो. गाणं चाललं तर फार कळत नाही, पण बातम्या आणि नाटकातले संवाद घरातल्या म्हाताऱ्या माणसांना उमगत नाहीत. मग घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येते: आपला मोबाइलवाला ब्लूटूथ स्पीकर टीव्हीला लावता येईल का?

येईल. पण कसा, हे तुमच्याकडे काय आहे त्यावर ठरतं. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ स्मार्ट टीव्ही आणि वायफाय धरून चालतात. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बऱ्याच गावांत चित्र वेगळं असतं. छपरावर डीडी फ्री डिशची छत्री, खाली साधा सेट टॉप बॉक्स आणि त्याला जोडलेला साधा एलईडी टीव्ही. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावाने सुरू झाली. महिन्याचा रिचार्ज नसल्यामुळे ती गावोगाव टिकली. हा लेख मुख्यतः अशा घरांसाठी आहे.

आधी एक नियम डोक्यात बसवा

ज्या वस्तूत ब्लूटूथ आहे, तिचाच आवाज स्पीकरला जातो.

ऐकायला सोपं वाटतं, पण गडबड इथेच होते. समजा, टीव्हीला फायर टीव्ही स्टिक लावली आहे. तिच्यात ब्लूटूथ आहे, स्पीकर पेअर झाला, यूट्यूब मस्त वाजतंय. मग रिमोटने फ्री डिशच्या बॉक्सवर आलात आणि आवाज परत टीव्हीतून यायला लागला. स्पीकर बिघडला नाही. स्टिक फक्त स्वतःचा आवाज पाठवते, शेजारी लागलेल्या बॉक्सशी तिचा काही संबंध नाही. दोघांचाही आवाज हवा असेल तर तो टीव्हीतून बाहेर काढावा लागतो, कारण दोघंही शेवटी टीव्हीतच येतात.

टीव्हीत स्वतःचं ब्लूटूथ असेल तर काम पाच मिनिटांचं. स्पीकरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, दिवा भराभर लुकलुकायला लागला की तो पेअरिंगला तयार. मग अँड्रॉइड किंवा गुगल टीव्ही असेल तर सेटिंग्जमध्ये 'रिमोट्स अँड अॅक्सेसरीज', सॅमसंगमध्ये 'साउंड आउटपुट', एलजीमध्ये 'साउंड आउट' शोधा. फायर स्टिकमध्ये 'कंट्रोलर्स अँड ब्लूटूथ डिव्हायसेस' असतं. मॉडेलप्रमाणे नावं थोडी इकडेतिकडे होतात. एक लक्षात ठेवा, टीव्हीवर 'स्मार्ट' लिहिलं आहे म्हणजे ब्लूटूथ असेलच असं नाही. काही टीव्हींत ते फक्त रिमोटपुरतं असतं. मेनूत स्पीकर जोडायचा पर्याय दिसला तरच खरं.

साधा टीव्ही असेल तर आधी मागे वाकून बघा

टॉर्च घ्या आणि टीव्हीच्या व बॉक्सच्या मागची भोकं नीट वाचा. लाल-पांढरी भोकं दिसली म्हणजे आवाज बाहेर काढायची सोय झाली, असं समजू नका. बहुतेक टीव्हींवर ती 'इन' असतात, म्हणजे आवाज आत घ्यायला. त्यांच्यात वायर खोचून स्पीकरमधून काहीच येणार नाही. तुम्हाला 'आउट' लिहिलेलं हवं, किंवा हेडफोनचं चित्र असलेलं गोल ३.५ मिलिमीटरचं भोक.

टीव्हीवर असं काही नसेल तर बॉक्सकडे वळा. फ्री डिशच्या बॉक्सवर पिवळं, लाल आणि पांढरं असं त्रिकूट बहुतेक वेळा असतंच, आणि ते 'आउट' असतं. पिवळ्यातून चित्र, लाल-पांढऱ्यातून आवाज. बॉक्स टीव्हीला एचडीएमआयने जोडला असेल तर हे त्रिकूट मोकळंच असतं, आणि अनेक बॉक्सांवर दोन्हीकडून एकाच वेळी आवाज येतो. लावून पाहा, नुकसान काही नाही.

आता तुमच्या स्पीकरच्या रबरी झाकणाखाली बघा. तिथे 'ऑक्स' लिहिलेलं गोल भोक आहे का? असेल तर ब्लूटूथचा विचारच सोडा. एका टोकाला लाल-पांढऱ्या पिना आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन, अशी वायर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते आणि डोंगलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. वायरलेस स्पीकरला वायर लावायची म्हणजे कमीपणा वाटतो खरा. पण टीव्हीसमोर स्पीकर एकाच जागी बसणार असेल तर माझं मत वायरच्याच बाजूने आहे. का, ते पुढे कळेल. हल्ली कंपन्या नव्या स्पीकरमधून ऑक्स काढून टाकत आहेत, म्हणून नवा घेणार असाल तर आधी झाकण उघडून तपासा.

डोंगल दोन जातींचे असतात, दिसतात मात्र सारखे

ऑक्स नसेल तर ब्लूटूथ ट्रान्समीटर लागतो. तो टीव्हीच्या किंवा बॉक्सच्या 'आउट'मधून आवाज घेतो आणि हवेतून स्पीकरला पाठवतो. पैसे वाया जातात ते इथे. दुकानात 'ब्लूटूथ अडॅप्टर' मागितलं की बऱ्याचदा रिसीव्हर हातात येतो, जो लोक गाडीच्या जुन्या स्टिरिओला किंवा घरच्या जुन्या डेकला लावतात. रिसीव्हर मोबाइलकडून आवाज घेतो, म्हणजे आपल्या कामाच्या नेमका उलटा. टीव्हीला लावल्यावर दिवा लागतो, मोबाइलवर नावही दिसतं, पण स्पीकर काही सापडत नाही.

खोक्यावर टीएक्स ही दोन इंग्रजी अक्षरं बघा. तो ट्रान्समीटर. आरएक्स म्हणजे रिसीव्हर. काहींमध्ये दोन्ही असतात आणि बाजूला छोटं सरकतं बटण असतं, ते टीएक्सकडे करा. कॉम्प्युटरला लावायचा नखाएवढा यूएसबी ब्लूटूथ डोंगल तर टीव्हीसाठी घेऊच नका. त्याला ओळखणारं सॉफ्टवेअर साध्या टीव्हीत नसतं. ट्रान्समीटरची यूएसबी वायर टीव्हीत लावतात ती फक्त करंटसाठी.

ट्रान्समीटरला स्क्रीन नसते, त्यामुळे दोन वस्तू एकमेकांना शोधायला वेळ लागतो. दोन्ही पेअरिंगवर ठेवा, शेजारी शेजारी ठेवा आणि घरातल्या सगळ्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. नाहीतर स्पीकर सवयीप्रमाणे ओळखीच्या फोनलाच जाऊन चिकटतो. ही शेवटची गोष्ट न केल्यामुळे चांगले ट्रान्समीटर दुकानात परत जातात.

टीव्ही थोडा नवा असेल आणि मागे 'ऑप्टिकल' भोक असेल, तर ऑप्टिकलवाला ट्रान्समीटरही चालतो. मात्र टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. ते 'डॉल्बी'वर राहिलं तर बहुतेक ट्रान्समीटर गप्प बसतात.

ओठ आधी, आवाज नंतर

सगळं जोडलं, आवाजही खणखणीत आला. पण बातमीदाराचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. हा तुमच्या स्पीकरचा दोष नाही, ब्लूटूथची पद्धतच तशी आहे. ट्रान्समीटर आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते दाबून लहान करतो, रेडिओ लहरींवर पाठवतो. एखादा तुकडा वाटेत हरवला तर परत मागता यावा म्हणून स्पीकर थोडा साठा जमवून मगच वाजवायला लागतो. या सगळ्याला साध्या एसबीसी कोडेकवर साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात.

हे किती झालं? आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ६८ मीटर लांब बसून ऐकणं. मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीचं नाटक अगदी मागे उभं राहून पाहिलं असेल, तर हा अनुभव तुम्हाला आहेच. फरक एवढाच, की तिथे नट लांब दिसतो म्हणून मेंदू समजून घेतो, टीव्ही मात्र दहा फुटांवर असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की माणसाला ते कळायला लागतं आणि १८५ च्या पुढे खटकतं. आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मध्येच कळतं. विजेचा लखलखाट आधी आणि गडगडाट नंतर, या क्रमाची आपल्याला जन्मापासून सवय आहे. उलटं कधी घडत नाही.

मग मोबाइलवर यूट्यूब बघताना हा उशीर का जाणवत नाही? कारण फोनला स्पीकरचा उशीर माहीत असतो आणि अॅप चित्रच तेवढं थांबवून दाखवतं. फ्री डिशचा बॉक्स आणि बाहेरून लावलेला ट्रान्समीटर यांच्यात असं बोलणंच होत नाही. टीव्हीच्या मेनूतलं 'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक'सुद्धा बहुधा आवाज आणखी मागे ढकलतं, आपल्याला तर चित्र मागे न्यायचं असतं. 'एपीटीएक्स लो लेटन्सी' नावाचा कोडेक उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणतो, पण तो ट्रान्समीटर आणि स्पीकर दोघांतही असावा लागतो. स्वस्त स्पीकरमध्ये तो सहसा नसतो, त्यामुळे एकट्या ट्रान्समीटरवर जास्त पैसे घालू नका. वायरीत हा उशीर नसतोच. मघाशी वायरची बाजू घेतली ती म्हणूनच.

लाइट गेली, नेट गेलं, तर?

ब्लूटूथला इंटरनेट लागत नाही, डेटाही खर्च होत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटला, टॉवर बंद पडला, तरी फोनमध्ये आधी उतरवलेलं नाटक किंवा सिनेमा स्पीकरवर वाजतो. अशा फाइलला व्हीएलसी वापरा. त्यात आवाज मागेपुढे करायची सोय आहे, ओठ जुळेपर्यंत ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवा.

अंतराचं म्हणाल तर बहुतेक स्पीकर मोकळ्या जागेत १० मीटरपर्यंत नीट चालतात. मध्ये जाड मातीची भिंत किंवा लोखंडी कपाट आलं की आवाज तुटायला लागतो. माणसांच्या शरीरातलं पाणीही या लहरी शोषतं, म्हणून सामन्याच्या दिवशी सगळी मंडळी मध्ये बसली की स्पीकर अडखळतो. तो जमिनीवरून उचलून डोक्याच्या वर, फळीवर ठेवा.

आणि मे महिन्यात त्याला खिडकीत किंवा टिनाच्या छपराखाली चार्जिंगला लावू नका. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांना ४५ अंशांच्या वर चार्ज करायचं नसतं, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे तेवढं तापमान दुपारी सावलीतही होतं. रात्री किंवा पहाटे चार्ज करा, तेही घरातल्या सगळ्यात थंड खोलीत.